अर्ध्या पानानंतर

१२ जानेवारी

पोरी,

मायन्यात काय लिहावं यातच माझी सकाळ गेली. 'सौ.' लिहावं तर वकिलांकडे कागद पडलेत, 'कुमारी' लिहावं तर तूच हसशील. म्हणून नुसतं पोरी. शुद्धलेखनाच्या चुका सापडतील, पण पेन्सिल उचलू नकोस. मुद्रितं तपासून तुझी नजर कशी झालीय ते मला माहीत आहे. लग्न होऊन या घरात आलीस त्या आठवड्यातच तू आमच्या विजेच्या बिलावरची चूक काढली होतीस, तीही वेलांटीची.

पत्राला कारण तुझी पुस्तकं. पुढच्या खोलीत खोक्यांची रास तू ठेवून गेलीस तशीच आहे. लेक म्हणाला, तिला विचार, न्यायची आहेत की रद्दीत द्यायची. मी म्हटलं, तुझी बायको, तू विचार. त्यावर त्याने हत्यारांची पिशवी खांद्याला लावली आणि कुठल्याशा इमारतीची लिफ्ट दुरुस्त करायला निघून गेला. त्याचं बोलणं एवढंच, हे तुला मी काय सांगायचं. तर मीच विचारते आहे.

फोन करता आला असता. पण टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सबंध नोकरी काढल्यावर माझा फोनवर भरवसा उरलेला नाही. फोनवर माणूस समोरच्याला बरं वाटेल तेवढंच बोलतो. उरलेलं तो रिसीव्हर ठेवल्यावर भिंतीशी बोलतो, आणि ते आम्हाला कधी ऐकू यायचं नाही.

दुसरी बातमी ह्यांची. तुझ्या सासऱ्यांच्या डोळ्याचा पडदा सरकला. ऑपरेशन झालं, पण डॉक्टरांनी सांगितलंय की दिवसरात्र पालथंच पडून राहायचं, तोंड जमिनीकडे. पलंगाच्या कडेबाहेर एक मधोमध भोक असलेलं स्टूल ठेवलंय, त्यात ह्यांचा चेहरा. जेवण, अंघोळ सोडून माणूस हलत नाही. मला दिवसभर ह्यांच्या डोक्याची मागची बाजू दिसते. बस डेपोत जन्मभर गाड्यांची वेळापत्रकं लावली, आता माझी लावतात. चहा उशिरा आला, औषध लवकर आलं. रेडिओ लावला तर म्हणतात, कालच्याच बातम्या आहेत.

काल अगदी जीव कातावला म्हणून मी तुझं वरचं खोकं उघडलं आणि हाताला लागलं ते पुस्तक मोठ्याने वाचायला घेतलं. तुला विचारलं नाही, हे कळवते. पान दुमडलेलं नाही.

लेक बारीक झालाय. बाकी ठीक.

आई

२७ जानेवारी

पोरी,

तुझं उत्तर मिळालं. चार ओळी, पण चारही कामाच्या. घाई नाही, वाचा, रद्दीत देऊ नका, डोळ्याची काळजी घ्या. तू नोकरीच्या जागी कुठे राहतेस, खोली कशी आहे, यातलं काही नाही. असू दे.

मग ऐक. ते पहिलं पुस्तक पक्ष्यांवरचं निघालं. ह्यांनी आधीच बजावलं होतं की कथा-कादंबरी नको, खोट्या माणसांच्या खोट्या भानगडी ऐकायला मी रिकामा नाही. पालथा पडलेला माणूस आणखी किती रिकामा असतो, हे मी विचारलं नाही. पक्षी खरे असतात, म्हणून चाललं. त्यात एक समुद्रपक्षी आहे, ओंजळीत मावेल एवढा जीव, तो दर वर्षी पृथ्वीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातो आणि परत येतो. मी वाचत गेले. बराच वेळ स्टुलाखालून आवाज नाही. झोप लागली असं समजून मी थांबले, तर खालून प्रश्न आला, "त्यांना वेळ कोण सांगतं?"

मी म्हटलं, पुस्तकात लिहिलंय की कुणालाच नीट माहीत नाही. तर हे म्हणाले, पुन्हा वाच. असा माणूस, ज्याने आयुष्यात उशिरा आलेल्या ड्रायव्हरची सबब कधी ऐकून घेतली नाही, तो पाखरांपुढे शरण गेला होता.

पक्षी संपल्यावर मी न विचारता एक रहस्यकथा घेतली. एका श्रीमंत म्हाताऱ्याला घरातलंच कुणीतरी विष घालतं. ह्यांनी पहिल्या पानापासून डॉक्टरवर संशय धरला. पुरावा काय, तर 'डॉक्टर लोक ऐकत नाहीत'. माझा संशय गोड बोलणाऱ्या पुतण्यावर, कारण गोड बोलणारे मी कानाने ओळखते. आम्ही भांडलो, पोरी. कधी नव्हे ते वीज, पाणी, औषध सोडून दुसऱ्या एखाद्या गोष्टीवरून भांडलो. शेवटी विष घालणारी निघाली म्हाताऱ्याला रोज संध्याकाळी पुस्तक वाचून दाखवणारी भाची. मग हे अगदी गंभीर आवाजात म्हणाले, आजपासून माझा चहा आधी तू पी.

त्यानंतर वाटण्यांच्या खटल्यांवरचं ते जाड पुस्तक. मला वाटलं आता हे नक्की झोपणार. त्यात दोन भावांचा एक खटला आहे. वाटणीत माडी थोरल्याला गेली आणि जिना धाकट्याला. धाकटा जिन्यावर पाय ठेवू देईना, म्हणून थोरला बाहेरून शिडी लावून खिडकीतून घरात जायचा. वर्षानुवर्षं. आणि निकालपत्रात जाता जाता एक ओळ आहे : थोरला आजारी पडला तेव्हा प्रतिवादीने स्वतः शिडी धरून डॉक्टरांना वर चढवलं. जिना मात्र दिला नाही! शिडी धरली!

हे हसले. पाठ गदागदा हलत होती, मला भीती वाटली की डोळा पुन्हा बिघडेल. माझ्या मनातून मात्र तो धाकटा जाईना. भाजी निवडताना तोच डोळ्यांपुढे. एका हाताने खटला चालवणारा आणि दुसऱ्या हाताने शिडी घट्ट धरणारा. हे सगळं एकाच माणसात असतं, आणि न्यायाधीशांनी ते एका ओळीत लिहून पुढच्या कलमाकडे वळावं.

मला वाटायचं, एवढी वर्षं लोकांचे फोन जोडून दिले, आता माणसांचं काही नवीन ऐकायचं राहिलेलं नाही. चूक होती. फोनवर माणसं एकमेकांशी बोलतात. पुस्तकांत ती स्वतःशी बोलतात, आणि आपल्याला ऐकू देतात. तू या खोक्यांमध्ये केवढं काय ठेवून गेली आहेस, तुला तरी कल्पना आहे का?

लेक हल्ली दुपारी जेवायला घरी येतो. पूर्वी यायचा नाही. कारण सांगत नाही.

आई

१५ फेब्रुवारी

पोरी,

डॉक्टरांनी मुदत वाढवली. पडदा नीट बसलेला नाही. ह्यांनी ऐकून घेतलं आणि घरी आल्यावर एवढंच विचारलं की त्या तंबूतल्या माणसांचं पुढे काय झालं.

तंबू म्हणजे तुझ्या तिसऱ्या खोक्यातला. बर्फाच्या प्रदेशात गेलेल्या एका तुकडीची हकीकत, तुकडीच्या प्रमुखाने रोज लिहिलेली. सहा महिन्यांची रात्र, एकच तंबू, मोजकी माणसं. सुरुवातीला सगळे गाणी म्हणतात, एकमेकांची दाढी करतात. मग हळूहळू बोलणं बंद होतं. प्रमुख लिहितो की अमक्याच्या चावण्याच्या आवाजाने माझं डोकं फुटेल. पानंच्या पानं तो आवाज. मी वाचता वाचता गप्प झाले, कारण ह्यांच्या चावण्याच्या आवाजाबद्दल मी हे असंच, अगदी याच शब्दांत मनात म्हटलेलं आहे. ह्यांनाही बहुधा काहीतरी आठवलं असावं, कारण हेही गप्प होते.

आणि मग एक दिवस तो चावणारा माणूस वादळात तंबूबाहेर जातो आणि त्याला वाट सापडत नाही. तेव्हा हा प्रमुख बाहेर उभा राहून डबा वाजवत राहतो, आवाजाच्या रोखाने त्याने परत यावं म्हणून. हात फुटतो तरी वाजवतो. तो माणूस परत येतो. आणि त्या दिवसाच्या शेवटी याने काय लिहिलं असेल? 'आज तो परत आला. जेवताना पुन्हा तोच आवाज.'

मी पुस्तक मिटून बसले. एवढा राग आणि एवढी माया एकाच छातीत कशी मावते? मला आपलं वाटायचं की ज्याला आपण कंटाळतो त्याच्यावरची माया संपलेली असते. सरळ हिशेब. पण या माणसाने बर्फात बसून, मला कधी न बघता, माझ्या स्वयंपाकघरातलं लिहून ठेवलं होतं. त्याच्या देशात आणि माझ्या घरात किती अंतर असेल, आणि मधे एक पातळ पान.

एक सांगते. लेक दुपारी जेवून झाल्यावरही ताटावर बसून राहतो. हात वाळून जातो तरी उठत नाही. वाचन थांबलं की उठतो. मी काही बोलत नाही, बोलले तर तो उद्यापासून येणार नाही.

मागे मी तो बारीक झालाय असं लिहिलं होतं. ते तुला हलवायला लिहिलं होतं, हे तू ओळखलंच असशील. आता तसलं लिहिणार नाही. तू गेलीस ती कंटाळून गेलीस, भिंतीशी संसार होत नाही, आणि माझा लेक भिंत आहे हे मला तुझ्या आधीपासून माहीत आहे. मी तुला लिहिते ते आता तुझ्यासाठी लिहिते. या पुस्तकांबद्दल मी दुसऱ्या कुणाशी बोलू?

तू लिहिलेलं आवडलं, की खोलीच्या खिडकीतून शाळेचं मैदान दिसतं.

आई

३ मार्च

पोरी,

हे पत्र नीट लिहिता येईल की नाही ठाऊक नाही.

तू सुचवलेली ती जाड कादंबरी घेतली, थंड मुलखातल्या शेतकरी कुटुंबाची, तीन पिढ्यांची. ह्यांनी 'खोट्या भानगडी' म्हणून कुरकुर केली, पण पहिल्या दोन दिवसांत त्या घरातल्या घोड्यांची नावं ह्यांना माझ्याआधी पाठ झाली.

कालच्या दुपारी मी वाचत होते. मधल्या एका प्रकरणात त्या बाईचं तान्हं मूल जातं. आधी काही सूचना नाही, तयारी नाही. ताप येतो आणि मूल जातं. लेखकाने ते अर्ध्या पानात उरकलंय. बाई मुलाची वाटी धुते, फळीवर उपडी ठेवते. पुढच्या ओळीत बर्फ वितळतं आणि नांगरणी सुरू होते.

माझा आवाज बंद झाला. म्हणजे मी थांबले नाही, आवाजच येईना. मी ओळ पाहत होते, ओठ हलत होते.

तुला कुणी सांगितलेलं नाही. लेकालाही नाही. त्याच्याआधी मला मुलगी झाली होती. दिवस भरायच्या फार आधी झाली. दवाखान्यात काचेच्या पेटीत होती, आठवडाभरही नाही. तिचं नाव ठेवलं नव्हतं. घरी आलो त्या दिवसापासून आम्ही दोघांनी तो विषय काढला नाही. मी रडले नाही कारण ह्यांना त्रास होईल. ह्यांनी काही विचारलं नाही, तेव्हा मी समजले की पुरुषमाणूस आहे, विसरला असेल. बरंच आहे, एकाने तरी विसरावं. मग लेक झाला, नोकरी, घर, दिवस गेले.

आणि स्टुलाखालून, जमिनीकडे तोंड करून, हे म्हणाले, "अर्धं पानच असतं ते."

मी पुस्तक मांडीवर उपडं ठेवलं.

थोड्या वेळाने म्हणाले, "मी तिला इटुकली म्हणायचो."

पोरी, मी हे कधी ऐकलेलं नव्हतं. मी विचारलं, कुणाजवळ म्हणायचात? तर म्हणाले, पेटीजवळ. तू झोपलेली असायचीस तेव्हा मी तिथे जाऊन बसायचो. काचेवर बोट टेकवलं की ती इकडे तोंड वळवायची. नर्स म्हणायची, तो उजेडाचा भास आहे. नव्हता.

मी पाहिलं तर स्टुलाखाली फरशीवर थेंब पडत होते. मला आधी वाटलं, डोळ्यातलं औषध गळतंय.

मग ह्यांनी बसचं सांगितलं. तुला आठवत असेल, मी एक्स्चेंजला सकाळच्या पहिल्या बसने जायचे. ती बस दवाखान्याच्या थांब्यावर उगाच रेंगाळायची. इतर कुठल्याच थांब्यावर नाही, तिथेच. लोक वैतागायचे. मीही इतरांसारखं तोंड वाकडं करायचे. पण खरं सांगायचं तर मला तेवढा वेळ हवा असायचा. मी खिडकीतून दुसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीकडे पाहून घ्यायचे. निवृत्त होईपर्यंत, रोज. हे मी देवालाही सांगितलं नव्हतं. मला वाटायचं, बसच थांबते, माझं काय जातं.

हे म्हणाले, "तिथला थांबा मी वाढवून लावला होता. वरच्यांनी दोनदा खुलासा मागितला. मी लिहून दिलं, प्रवाशांच्या सोयीसाठी."

मी विचारलं, कुठल्या प्रवाशांच्या?

"तू त्या बसने जायचीस ना," हे म्हणाले. "तुला बघायला वेळ मिळावा म्हणून."

मला काय वाटलं ते मी तुला सांगू शकत नाही. सगळं आयुष्य मी त्या खिडकीत एकटी बसले आहे असं समजत होते. आणि हा माणूस डेपोत बसून, वेळापत्रकाच्या आकड्यांमधून, रोज सकाळी माझ्या शेजारी येऊन बसत होता. ह्यांना सांगता आलं नाही, मला विचारता आलं नाही. आणि कुठल्या थंड मुलखातल्या, कधीच नसलेल्या एका बाईने एक वाटी धुऊन उपडी ठेवली, तेव्हा आमचं बोलणं झालं. हे काय आहे, पोरी? तू पुस्तकांमध्ये राहतेस, तू सांग. जे घडलंच नाही ते वाचून जे घडलं ते कसं काय तोंडातून बाहेर येतं?

मी मान वर केली तेव्हा दारात लेक उभा होता. हात खरकटे. त्याने सगळं ऐकलं होतं.

त्याने एवढंच विचारलं, "माझ्याआधी?"

मी हो म्हटलं.

तो आत गेला, हात धुतले, पुसले. परत येऊन माझ्या मांडीवरचं पुस्तक उचललं, ह्यांच्या डोक्याशी जमिनीवर बसला आणि म्हणाला, "आई, कुठल्या ओळीवर होतीस?"

मी बोटाने दाखवली. बर्फ वितळतं ती ओळ. तिथून त्याने वाचलं, संध्याकाळपर्यंत. कामावर परत गेला नाही.

आई

४ मार्च

पोरी,

कालचं पत्र टाकलं आणि चैन पडेना. आज सकाळी लेकाला ह्यांच्याजवळ बसवलं आणि पहिल्या बसने निघाले. नुसतं बघायला. हे निवृत्त होऊन किती काळ झाला, गाड्या नव्या, रंग नवा, तिकिटाचं यंत्र आलंय.

बस दवाखान्याच्या थांब्यावर आली आणि थांबून राहिली.

मी कंडक्टरला विचारलं, इथे एवढा वेळ का? तो म्हणाला, "वेळापत्रकात आहे, मावशी. पहिल्यापासून आहे." तेवढ्यात रात्रपाळी संपवून एक नर्स फाटकातून पळत आली आणि बसमध्ये चढली. दम लागला होता तिला. माझ्या शेजारी बसली.

मला एवढंच सांगायचं होतं.

आई

२२ मार्च

पोरी,

तुझं पत्र तीनदा वाचलं. या वेळी चार ओळींचं नव्हतं. तू रडलीस म्हणून मला वाईट वाटलं आणि बरंही वाटलं. तू विचारतेस की तो खरंच वाचतो का. खरंच वाचतो. आणि कसा वाचतो, ते ऐकच.

कादंबरीतला म्हातारा बोलायला लागला की आवाज खर्जात नेतो. त्या घरात एक कजाग आत्याबाई आहे, तिचं बोलणं असं काही नाकातून काढतो की ह्यांना हसू आवरत नाही. घोडा बिथरतो तिथे त्याची स्वतःची बोटं थरथरतात. मी दाराच्या चौकटीला टेकून पाहते आणि मनात म्हणते, हा मुलगा माझाच ना? हे सगळं याच्या आत होतं? कुठे ठेवलं होतं याने?

परवा तिसऱ्या मजल्यावरच्या शिकवणीच्या बाई जिन्यात भेटल्या. वाचनाचा आवाज त्यांच्यापर्यंत जातो. त्या म्हणाल्या, तुमच्या मुलाचा आवाज मी लगेच ओळखला. मी विचारलं, कसा? तर गेल्या वर्षी त्या एका इमारतीत लिफ्टमध्ये अडकल्या होत्या. अंधार, गुदमरल्यासारखं झालेलं. बाहेरून दुरुस्तीवाला आला, तो हाच. दार उघडेपर्यंत हा त्यांच्याशी अखंड बोलत होता. त्यांच्या लहानपणीचं विचारत होता, स्वतःच्या फजितीचे किस्से सांगत होता. "त्यांनी मला इतकं हसवलं," बाई म्हणाल्या, "की दार उघडलं तेव्हा मला जरा वाईटच वाटलं."

मी संध्याकाळी त्याला विचारलं. तो म्हणाला, आम्हाला शिकवतात तसं, आतल्या माणसाला गप्प बसू द्यायचं नाही. मी म्हटलं, मग घरात काय होतं तुला? त्याने हातातलं पुस्तक मिटलं. मग म्हणाला, "मधे दार असलं की मला बोलता येतं, आई. समोर माणूस असला की येत नाही."

त्यावर तुझी बाजू घेऊन दोन शब्द सुनवावे असं मनात आलं होतं. पण एवढं मोठं वाक्य तो माझ्याशी पहिल्यांदाच बोलला होता. मी गप्प बसले. मग लक्षात आलं, की त्याच्या हातातलं ते पुस्तक, तेही एक दारच आहे. आणि पालथे पडलेले हे, त्यांच्याही तोंडापुढे जमीन होती म्हणूनच त्यांना इटुकलीचं सांगता आलं. आणि मी? मी तुला पत्रं लिहिते आहे. समोर होतीस तेव्हा आपण भाजी काय करायची यापलीकडे किती बोललो?

तू खोकी न्यायला येते म्हणालीस. ये. तुझी आहेत, ने. दुसऱ्या कुठल्या हेतूने मी हे लिहीत नाही. तो चांगलं वाचतो म्हणजे चांगला नवरा झाला असं नाही, एवढं मलाही कळतं. ह्यांना आता उताणं झोपायची परवानगी मिळाली आहे. चेहरा नीट पाहिला मी दोन महिन्यांनी. सुजलाय, पण माणूस तोच आहे, आणि तो नाहीही.

आई

२४ एप्रिल

पोरी,

सुखरूप पोचल्याचं कळलं. खोकी तुझ्या खोलीत मावली का? शेवटचं खोकं टेम्पोत चढवताना तळ फाटला होता, तेव्हा मीच माझ्या जुन्या साडीची पट्टी बांधली, ती सोडू नकोस, पुस्तकं खाली येतील.

त्या दिवशी तू जिन्यातच किती वेळ उभी होतीस ते नंतर सांगितलंस. रेडिओ लागलाय असं वाटलं तुला, आणि मग आवाज ओळखला. तू आत आल्यावर तो वाचायचा थांबला, तेव्हा मला वाटलं, झालं, पुन्हा भिंत. पण तू म्हणालीस, "थांबू नकोस, मला पुढचं ऐकायचंय." आणि खोक्यावर बसलीस. प्रकरण संपेपर्यंत त्याने मान वर केली नाही, पण वाचलं. पुढे स्वयंपाकघरात तुम्ही दोघं दुपारभर काय बोललात ते मी विचारणार नाही. आम्ही दोघं मुद्दाम खाली बाकावर जाऊन बसलो होतो. ह्यांनी मला दोनदा धरून बसवलं.

तू निघताना त्याला म्हणालीस, "पत्र लिही. येईल तुला." तो हो म्हणाला. कागदांचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. मी त्यात नाही.

तू गेल्यानंतरचं सांगते. पुढची खोली एवढी मोठी आहे हे आम्ही विसरलोच होतो. बोललेलं घुमतं तिथे. दुसऱ्या दिवशी दुपार झाली, आणि तिघंही सवयीने तिथे येऊन बसलो. वाचायला काही नाही. ह्यांना आता चष्म्याने मोठी अक्षरं दिसतात, पण म्हणाले, वर्तमानपत्र नको.

आणि हे एकदम म्हणाले, "ती पहिलीत जायच्या वयाची असताना आपण जुन्या घरात होतो."

मला कळेना, कोण. मग कळलं.

मी म्हटलं, हो. समोरच्या शाळेत घातलं असतं. हे म्हणाले, समोरच्या नव्हे, ती वरच्या शाळेत गेली, तिथे गणिताचे मास्तर चांगले होते, आणि ती गणितात हुशार होती. मी म्हटलं, तुम्हाला कसं माहीत? तर हे माझ्याकडे असे पाहत राहिले, जसं मीच काहीतरी अडाण्यासारखं विचारलंय. म्हणाले, "काचेतून बोट ओळखायची ती. गणितात हुशारच असणार."

मग मीही सांगितलं. केस माझ्यासारखे, कुरळे, विंचरताना रडायची. हे म्हणाले, रडायची नाही, भांडायची. इतका वेळ लेक ऐकत होता. तो खाली मान घालून म्हणाला, "माझी सायकल तिने घेतली होती." आम्ही दोघांनी वळून पाहिलं. तो म्हणाला, "न विचारता. आणि चाक वाकवून आणली. आणि तुम्ही मलाच रागावलात."

हे म्हणाले, तू धाकटा, तू समजून घ्यायला हवं होतंस. तो म्हणाला, धाकट्यानेच का? आणि पोरी, माझ्या डोळ्यांदेखत हे दोघे भांडले. जिने कधी सायकल पाहिली नाही तिच्यावरून, खरेखुरे, आवाज चढवून. मी चहा ठेवायला आत गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले. मला हसू येत होतं की काय येत होतं, सांगता येणार नाही. ज्या माणसाला खोटी माणसं चालत नव्हती, तो आता रोज दुपारी माझी वाट पाहतो. तारखा चुकल्या की दुरुस्त करतो. ती दहावीत असताना पावसाळ्यात पूल बंद होता, त्यामुळे ती त्या बसने गेलीच नसेल, असलं सगळं.

रोज थोडं पुढे जातो. तिने शिक्षण अर्धवट सोडायचं ठरवलं तेव्हा हे दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. मग हेच तिला परत घेऊन आले. तिला पाण्याची भीती होती, ती लेकाने घालवली. एका मुलाबद्दल ती फक्त मलाच सांगायची. ते मी ह्या दोघांना सांगितलेलं नाही, माझ्याकडेच ठेवलंय. कसं आहे हे, मला माहीत नाही. वेडेपणा आहे का? तसं असेल तर असू दे. जिचं नाव ठेवायला आम्हाला वेळ मिळाला नाही, तिचे रुसवे आता आम्हाला पाठ आहेत. रात्री आडवी होते तेव्हा मला तिचा आवाज ऐकू येतो, जाड, जरा घोगरा, ह्यांच्यावर गेलेला.

काल आम्ही तिच्या भावाच्या लग्नापर्यंत आलो. ती सुट्टी काढून आली. मांडवात सगळ्यांत जास्त धावपळ तिचीच. आणि तू घरात आलीस.

तिथे आम्ही अडलोय. हे म्हणतात, तिचं तुझ्याशी लगेच पटलं, दोघी पुस्तकांवरून बोलत बसल्या. लेक म्हणतो, नाही, सुरुवातीला तिने तुला खूप छळलं, ती तशीच होती. माझं तर काही ठरतच नाही. बाकी सगळं आम्हाला दिसतं, पण तू आणि ती एका खोलीत आलात की दार लागतं आणि आतलं काही ऐकू येत नाही.

ती तुझी नणंद. तुमचं पटलं की नाही, ते आम्ही नाही ठरवू शकत. ते तू लिहून पाठव.

आई